एकास वीस हजार

लग्नकार्यात कुणी विचारलं की मी 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगतो. समोरचा लगेच खिशातून साखरेचा रिपोर्ट काढतो आणि जेवणानंतरचा आकडा जरा जास्त वाटतो का, असं विचारतो. मी रिपोर्ट बघतो, मान हलवतो आणि गोड कमी करा म्हणतो. खरं काम सांगायला गेलो तर पंगत उठेल. मी जयपूरच्या एका संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी आहे आणि अर्धं आयुष्य मी दुसऱ्यांच्या अँटीबॉडी पातळ करून देण्यात घालवलं आहे.

वडील रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मी इथेच शिकलो, इथेच चिकटलो. संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना बहुधा 'विज्ञानसेवेतली वर्षं' असं काही तरी अपेक्षित असावं. सेवा वगैरे मला दिसली नाही. जे दिसलं ते सांगतो. त्यातलं बरंच माझ्या हातचं आहे, त्यामुळे निंदा करताना मी स्वतःला वगळणार नाही.

आधी काम समजून घ्या, अवघड नाही. वेस्टर्न ब्लॉट नावाचा एक प्रकार आहे. पेशी फोडायच्या, त्यातली सगळी प्रथिनं जेलीसारख्या पातळ वडीत भरायची आणि वीज सोडायची. हलकी प्रथिनं खाली पळतात, जड वर रेंगाळतात. मग ती जिथल्या तिथे कागदासारख्या पडद्यावर उतरवून घ्यायची. पडदा कोराच दिसतो. त्यावर हजारो प्रथिनं असतात आणि आपल्याला हवं असतं त्यातलं एक. पडद्याला साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं पाणी पाजायचं, म्हणजे रिकाम्या जागा बुजतात, आणि मग अँटीबॉडी ओतायची. अँटीबॉडी ठरलेल्या एकाच प्रथिनाला चिकटते, असं ती विकणारी कंपनी म्हणते. जिथे चिकटली तिथे पुढच्या रसायनांनी उजेड पडतो, कॅमेरा तो टिपतो आणि फोटोत एक काळा पट्टा दिसतो. त्या बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्यावर लोकांच्या पीएचड्या, बढत्या आणि परदेशवाऱ्या उभ्या असतात.

अँटीबॉडी बाटलीत थेंबभरच येते. ती पातळ करून वापरावी लागते. एकास हजार म्हणजे दहा मिलिलिटर दुधात दहा मायक्रोलिटर. एकास वीस हजार म्हणजे तेवढ्याच दुधात अर्धा मायक्रोलिटर, डोळ्यांना नीट दिसणारही नाही इतका. गणित चौथीतल्या मुलाचं आहे. पण राष्ट्रीय परीक्षा पास होऊन आलेले विद्वान त्यासाठी मोबाइल उघडतात, आणि मोबाइल जे सांगेल ते ओतून मोकळे होतात. एकास हजार म्हणजे एक अधिक हजार की एक अधिक नऊशे नव्व्याण्णव, यावर दोन प्राध्यापक माझ्यासमोर चहा गार होईपर्यंत भांडले आहेत. त्या दोघांच्याही हाताची चूक त्या फरकाहून कितीतरी मोठी होती, पण स्वतःच्या हाताने करायला कोण बसलं होतं.

मुद्दा गणिताचा नाहीच. अँटीबॉडी दाट ठेवली तर ती नको तिथेही चिकटते, पडदा काळाकुट्ट होतो. फार पातळ केली तर हवं तेही दिसत नाही. मध्ये कुठेतरी योग्य प्रमाण असतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. मध्ये म्हणजे नेमकं कुठे, हे मात्र बहुतेक वेळा समोरच्याला काय बघायचं आहे त्यावर ठरतं.

जयपूरच्या सी-स्कीम भागात ऑफिस असलेले एक औषधवाले एकदा आमच्याकडे आले होते. बाहेरच्यांचे नमुनेही आम्ही तपासून देत असू. गृहस्थांनी स्वतःच्या चूर्णाने उंदरांच्या यकृतातलं कुठलंसं प्रथिन वाढतं असं आधीच डब्यावर छापून टाकलं होतं, आता पुरावा हवा होता. मी ब्लॉट केला. वाढ काही नव्हती. चूर्ण न दिलेल्या उंदराचा पहिला पट्टा आणि सगळ्यांत जास्त दिलेल्याचा शेवटचा पट्टा जुळ्या भावांसारखे. ते फोटोकडे बघत बराच वेळ बसले आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "भाईसाहब, ये आख़िरी वाला थोड़ा काला करवा दो." जणू फोटो स्टुडिओत बसले होते. मी त्यांना शास्त्र या विषयावर लांबलचक ऐकवलं. ते हात जोडून गेले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमधून काळा करवून घेतला, असं कळलं. तो किस्सा मी पुढे वर्षानुवर्षं नव्या विद्यार्थ्यांना सांगत असे आणि सगळे हसत. मीही हसत असे. आणि त्याच टेबलावर, त्याच हातांनी, आमच्या साहेबांसाठी एक पट्टा पुसून देत असे.

साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. परदेशातून एक प्रथिन घेऊन आले होते, म्हणजे त्या प्रथिनाचा विषय घेऊन आले होते. पेशीवर ताण आला की ते वाढतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर त्यांची सगळी कारकीर्द. त्याची अँटीबॉडी आली तेव्हा मी पहिला ब्लॉट केला. पट्टे दोन आले. एक वर, जाडजूड. एक खाली, अगदी फिकट. प्रथिनाच्या रचनेवरून काढलेलं वजन खालच्या पट्ट्याशी जुळत होतं. मी ते म्हणालोही. साहेब म्हणाले की प्रथिनावर साखर चढते, त्याने वजन वाढतं, वरचाच आपला. खालचा कचरा आहे, साफ करा.

साखर चढते हे खरं आहे. पण आमच्या धंद्यात ज्या पट्ट्याचं वजन जुळत नाही त्या प्रत्येकावर साखर चढलेली असते. इतकी साखर जयपूरच्या घेवर तळणाऱ्या मिठाईवाल्यांकडेही नसेल.

मी साफ केलं. एकास दोन हजारला दोन्ही दिसत होते. पाच हजारला खालचा धूसर झाला. दहाला जेमतेम राहिला. वीसला गेला. फोटो असा सुरेख आला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच ठसठशीत पट्टा, की साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि मला ती आवडली. मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी स्वतःची समजूत घालताना हे विसरायचो. कुणी धमकी दिली नव्हती, नोकरीवर गदा नव्हती. मला स्वच्छ फोटो काढणारा माणूस म्हणून मिरवायचं होतं.

त्यानंतर एकास वीस हजार हा आमच्या लॅबचा धर्म झाला. आमच्यात पद्धत अशी की नवा विद्यार्थी आला की तो बाटलीसोबतचा कागद वाचत नाही. जुन्याला विचारतो, कितीला लावता? जुना सांगतो. जुन्याने आणखी जुन्याला विचारलेलं असतं. शेवटी सगळ्यांचं मूळ माझ्यापाशी येऊन थांबायचं आणि मी विचार न करता सांगायचो, वीस हजार. त्या आकड्यावर शोधनिबंध छापून आले. त्या निबंधांत 'प्रमाण काळजीपूर्वक निश्चित केले' असं वाक्य असायचं. काळजी माझी होती, निश्चिती साहेबांची.

मानसी आली तेव्हा मला बरं वाटलं, कारण लॅबमध्ये मराठी बोलायला कुणी मिळालं. तिचे वडील रेल्वेत गार्ड, मूळचे अकोल्याचे, नोकरीची बहुतेक वर्षं इथे. पोरगी इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलायची, अधूनमधून हिंदी घुसायची. सगळ्यांदेखत मला सर म्हणायची आणि कुणी नसलं की काका. हुशार होती, पण फटकळ. साहेबांच्या भाषणाला मान डोलावायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "काका, आज पण तेच ना? मतलब स्लाइड बदलली, कोट बदलला, बात तीच."

तिचा सगळा प्रबंध त्या एका पट्ट्यावर होता. पेशींना वेगवेगळा ताण द्यायचा आणि पट्टा वाढतो का बघायचा. तो वाढायचा नाही. सातआठ वेळा करायचा, त्यातल्या दोनदा जरा वाढल्यासारखा वाटायचा, ते फोटो साहेब ठेवून घ्यायचे. याला आमच्यात 'प्रातिनिधिक चित्र' म्हणतात. उरलेले फोटो कुणाचे प्रतिनिधी होते कुणास ठाऊक.

मग तिच्या हातून एक चूक झाली. आमच्या धंद्याबाहेर कुणी असली चूक करणार नाही, म्हणून समजावून सांगतो. द्रव मोजायला आम्ही पिपेट वापरतो, पेनासारखी दिसणारी. तिच्यावर छोट्या खिडकीत तीन आकडे असतात, दशांश चिन्ह नसतं. ते तुमच्या डोक्यात असावं लागतं, कारण ते पिपेटप्रमाणे बदलतं. सगळ्यांत लहान पिपेटवर शून्य-पाच-शून्य म्हणजे अर्धा मायक्रोलिटर. तिच्या मोठ्या बहिणीवर तेच शून्य-पाच-शून्य म्हणजे पाच. दोघी एकाच स्टँडवर शेजारी टांगलेल्या, दिसायला सारख्या. मानसीने मोठी उचलली. दहापट अँटीबॉडी पडली. वीस हजाराची दोन हजार झाली.

फोटो आला आणि मी तिला झोडपलं. पडदा राखाडी, वर भलामोठा काळा ठोकळा आणि खाली आणखी एक पट्टा. इतकी वर्षं काढली तरी पिपेट धरता येत नाही, बगरूच्या छिप्यांकडे जाऊन कापडावर ठसे मारलेस तर जास्त नीट येतील, असं काहीबाही मी चारचौघांत बोललो. ती निमूटपणे ऐकून घेत होती. म्हणजे मला तसं वाटलं. ती ऐकतच नव्हती, फोटो बघत होती.

"काका, वरचा हलतच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"वरचा पट्टा. ताण दिला, नाही दिला, सगळीकडे सेम. आणि खालचा बघा. इथे फिका, इथे जास्त, इथे सगळ्यांत जास्त. जसा पाहिजे तसाच."

मी म्हणालो, तो कचरा आहे. कुणी सांगितलं, तिने विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांना माहीत आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी त्या चूर्णवाल्याकडे पाहिलं होतं.

दोनचार दिवस मी तिला टाळलं. पण डोळ्यांसमोरून तो खालचा पट्टा जाईना. शेवटी मीच तिला शीतपेटीतून एक कुपी काढून दिली. ही अँटीबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवलेली असते, तो प्रथिनाचा तुकडा कंपनी कधीकधी वेगळ्या कुपीत देते. आमच्याकडे तो प्रत्येक बाटलीबरोबर यायचा आणि प्रत्येक वेळी न उघडता मागे सरकवला जायचा. उपयोग साधा आहे. अँटीबॉडी पडद्यावर ओतण्याआधी तिला हा तुकडा पोटभर खाऊ घालायचा. तिची भूक भागली की ती पडद्यावरच्या खऱ्या प्रथिनाला चिकटत नाही. म्हणजे जो पट्टा नाहीसा होईल तो खरा. जो तसाच राहील तो तिसराच कुणी तरी, उगाच चिकटलेला. ही परीक्षा पहिल्याच दिवशी करायची असते. आम्ही केली नव्हती. का, याचं उत्तर मला माहीत होतं आणि साहेबांनाही असावं. उत्तीर्ण आहोत असं मानणाऱ्याने परीक्षेला बसायचं कशाला.

आम्ही दोन सारखे पडदे केले. एकावर उपाशी अँटीबॉडी, एकावर जेवलेली. पहिल्यावर दोन्ही पट्टे आले. दुसऱ्यावर खालचा नव्हता. वरचा होता, जसाच्या तसा, दांडगा, सरकारी जागेवर बसलेल्या टपरीसारखा.

म्हणजे इतकी वर्षं आमची लॅब भलत्याच प्रथिनाचे फोटो छापत होती. खरं ते मी दुधात विरघळवून मोरीत सोडून देत होतो.

मानसी स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल. ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "मतलब माझा प्रबंध कशावर आहे, काका? ज्याचं नावही माहीत नाही त्याच्यावर?"

मी म्हटलं, साहेबांना दाखवू. दाखवलं. साहेबांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि तुकडा जुना असेल, खराब झाला असेल म्हणाले. खराब तुकड्याने खालचा पट्टा कसा गेला, असं मानसीने विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "बोरोलेजी, बच्ची का सबमिशन है. बीस हज़ार पे करवाओ, फोटो लगाओ, आगे बढ़ो." किती कळवळा. तिच्या भल्यासाठीच ते तिला खोटं लिहायला सांगत होते.

इथे मानसीची बाजू सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तिला लढवय्यी वगैरे समजाल. तिची शिष्यवृत्ती संपली होती. वडील निवृत्तीला आले होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आईने अकोल्याला घराची साफसफाईसुद्धा करवून घेतली होती. नव्या पट्ट्याने सगळं पुन्हा करायचं तर अर्धं वर्ष तरी जाणार. तिने दोन दिवस विचार केला आणि मला जिन्यात गाठलं.

"काका, मी वरचाच लावते."

मी पायरीवर थांबलो.

"मला माहीत आहे चूक आहे. पण सगळ्यांनी हेच करून डिग्री घेतली ना? मग मीच काय पाप केलं? तुम्ही फक्त काही बोलू नका. इतके दिवस नाही बोलले, आता चार दिवस अजून नका बोलू."

मी हो म्हणालो. मान हलवून नाही, तोंडाने हो म्हणालो.

प्रबंध देण्याआधी समितीसमोर सगळं काम मांडावं लागतं. ही सभा म्हणजे आमच्याकडचा एक सोहळाच. समितीतले लोक आधीचा मसुदा न वाचता येतात, समोशाची चटणी तिखट आहे की नाही यावर बोलतात, शेवटी एखादा विचारतो की याचा समाजाला उपयोग काय, आणि विद्यार्थी कर्करोग हा शब्द उच्चारून सुटतो. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मानसी छान बोलत होती, एकेक फोटो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर येत होता, एकच ठसठशीत पट्टा असलेला. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

बाहेरून आलेल्या एक वयस्क प्राध्यापिका मात्र मसुदा वाचून आल्या होत्या. हे आमच्या समितीत अनपेक्षित. त्यांनी विचारलं की प्रथिनाचं वजन जुळत नाही ते का. साहेब म्हणाले, साखर. त्यांनी विचारलं की अँटीबॉडी इतकी पातळ का. बनवणारी कंपनी तर एकास दोन हजार सुचवते. साहेब हसले आणि मागे वळले. हे आमच्या बोरोलेजींनी ठरवलंय, म्हणाले, त्यांच्यासारखा हात राजस्थानात नाही. बोरोलेजी, सांगा मॅडमना.

नेहमीचं उत्तर तयार होतं. 'पार्श्वभूमी स्वच्छ राहावी म्हणून.' एवढं बोलून बसता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो की खाली आणखी एक पट्टा येतो, तो दिसू नये म्हणून. मग म्हणालो की तो खालचाच खरा आहे आणि आमच्याकडे तसा ब्लॉट आहे. हिंदीत बोललो, आवाज बराच मोठा लागला. समोसे खाणारे थांबले. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहून गेलं, काढायला विसरलेल्या नावाच्या पाटीसारखं. त्या प्राध्यापिकांनी मानसीकडे बघून विचारलं, "आपको मालूम था?"

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलंय. मी माझा कबुलीजबाब द्यायला उभा राहिलो होतो आणि साक्षीदार म्हणून तिला पुढे ओढलं होतं. नाही म्हणाली असती तर खोटं, हो म्हणाली असती तर जाणूनबुजून केलेलं खोटं.

"जी," मानसी म्हणाली. "मालूम था."

समितीने प्रबंध रोखला. प्राध्यापिका कठोर नव्हत्या. तो ब्लॉट त्यांनी बघितला आणि हाच तुझा खरा निष्कर्ष आहे, यावर पुन्हा काम कर, म्हणाल्या. मुदत दिली, पण मुदतीबरोबर शिष्यवृत्ती देण्याची सोय कुणाकडे नसते.

त्या दिवशी मला रस्त्यावरून चालताना हलकं वाटत होतं. सांगायला लाज वाटते, पण वाटत होतं. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बायकोने विचारलं, आज काय विशेष? मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आणि त्या पोरीचं काय?"

मानसीचे आईवडील अकोल्याला गेले. ती शास्त्री नगरात एक खोली घेऊन राहिली आणि संध्याकाळी कोचिंगमध्ये बारावीच्या मुलांना शिकवू लागली. लॅबमध्ये यायची, कामाला लागायची. माझ्याशी बोलायची नाही असं नाही, कामापुरतं बोलायची. सर म्हणायची, कुणी नसलं तरी. मी एकदा तिचे पडदे धुऊन ठेवले, तर तिने ते बाजूला ठेवून नवे घेतले. कुठल्या प्रमाणाला काय दिसतं ते तिने पाचशेपासून चाळीस हजारांपर्यंत सगळं स्वतः करून बघितलं आणि सगळे फोटो प्रबंधात लावले, घाणेरडे धरून. असं पान मी आमच्या कुठल्याही प्रबंधात पाहिलेलं नव्हतं. दिसायला कुरूप होतं.

साहेबांना फारसं काही झालं नाही. होत नसतं. जुने निबंध जागच्या जागी आहेत. ते दुरुस्त करावेत असं मी एकदा त्यांना म्हणालो, तर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शास्त्र हे स्वतःच स्वतःला सुधारत असतं असं समजावलं. शास्त्राला हात असतात हे मला माहीत नव्हतं. आता ते खालच्या पट्ट्यावर भाषण देतात. 'आमच्या प्रयोगशाळेने अलीकडेच दाखवून दिलं', अशी सुरुवात असते. लोक टाळ्या वाजवतात.

मानसीला पदवी मिळाली. तोंडी परीक्षा झाल्यावर ती पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांकडे फिरली आणि शेवटी माझ्या टेबलाशी आली. मी पेढा घेतला. अभिनंदन म्हणालो. ती जाईना. बाकीचे जेवायला गेले होते.

"काका," ती म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही बोलले ते बरोबर होतं. मी खूप विचार केला. बरोबरच होतं."

मला वाटलं संपलं. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"पण तुम्ही मला आधी विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "हो म्हणून गेला होता तुम्ही. मतलब आदल्या दिवशी येऊन एवढं तरी म्हणायचं, की मानसी, माझ्याच्याने नाही होणार. मी भांडली असती, रडली असती. पण तिथे उभी राहून मला माहीत असतं, की काय येणार आहे."

मी म्हणालो, ऐन वेळी तोंडातून निघून गेलं, आधी ठरवलं नव्हतं. तिने ते मानलं. निदान मान हलवली, पुडा बंद केला आणि गेली.

ते खरं नव्हतं. कुणी प्रमाणाबद्दल विचारलं तर सांगून टाकायचं, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तिला विचारलं तर ती नको म्हणेल, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.